जुन्या मर्सिडीजचे ढिले स्टीअरिंग : आधी सांधा शोधा, मग पाना उचला

मर्सिडीज-बेंझने भारतातील आपली पहिली गाडी १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जोडली. ती 'डब्ल्यू १२४' मालिकेतील होती. २००९ साली कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. पिंपरीत जोडलेल्या त्या पहिल्या गाड्यांना आता तीस वर्षे झाली. हौशी मालक त्या जपतात आणि जाणकार मिस्त्रीच्या शोधात असतात. आमच्या कारागीर बांधवांसाठी ही रोजीची चांगली संधी आहे; पण जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

अशा गाडीची नेहमीची तक्रार एकच : "स्टीअरिंग ढिले झाले आहे, घट्ट करून द्या." घाईतला मिस्त्री स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, ग्राहक खूश होऊन जातो. पण बॉक्सचे दाते मधल्या भागात जास्त झिजलेले असतात. मधला प्ले काढण्यासाठी स्क्रू जास्त आवळला, तर वळणावर बॉक्स जड होतो आणि स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. मुख्य म्हणजे झिजलेला सांधा तसाच राहतो. पुणे-नाशिक रस्त्यावर भरधाव गाडीचा तो सांधा निखळला, तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून आधी तपासणी. या गाडीत बॉक्सचा आर्म आणि समोरचा आयडलर आर्म यांना जोडणारा मधला रॉड असतो आणि दोन्ही बाजूंना एकेक टाय रॉड. मधल्या रॉडला दोन आणि टाय रॉडना चार, असे एकूण सहा बॉल जॉइंट झाले. गाडी जमिनीवर उभी ठेवून इंजिन चालू करावे. एकाने स्टीअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. ढिला सांधा हाताला लगेच कळतो. आयडलर आर्मचे बुश आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरील रबर कपलिंगही तपासावे. सांध्याचे रबरी बूट फाटले असेल, तर आत धूळ-पाणी गेलेच म्हणून समजा. हे सांधे बंद असतात. ते आवळता येत नाहीत, बदलावेच लागतात.

टाय रॉडचा एंड काढण्यापूर्वी दोन सांध्यांमधले अंतर मोजून लिहून ठेवावे. रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, तर दुसऱ्याला डावे, हे विसरू नये. टेपरमधून पिन सोडवायला पुलर वापरावा. आट्यांवर हातोडा मारू नये. नवा एंड बसवताना टेपर स्वच्छ आणि कोरडा हवा, ग्रीस लावू नये. नट नेहमी नवा घ्यावा आणि कंपनीच्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावा. मग दोन्ही टोकांचे सांधे मधोमध सरळ ठेवून रॉडची पकड घट्ट करावी. तिरका राहिलेला सांधा वळणावर अडतो. मधल्या रॉडचे सांधे सुटे बदलत नाहीत, पूर्ण रॉडच घ्यावा लागतो.

शेवटी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून काही अडते-घासते का ते पाहावे आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. आपण मोजलेले अंतर गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत नेण्यापुरतेच. एवढे करूनही प्ले उरला, तरच बॉक्सच्या स्क्रूला हात लावावा, तोही चाके सरळ ठेवून आणि अगदी थोडा.

धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी. एकसारखा दिसणारा माल बाजारात निरनिराळ्या दर्जाचा मिळतो. कोणता बसवला ते बिलावर लिहा. झिजलेला सांधा वेल्डिंग करून कुणी मागितला, तर नकार द्या. त्यात एक काम गेले तरी चालेल. आणि काढलेला जुना सांधा ग्राहकाच्या हातात द्या, त्याला तो हलवून पाहू द्या. आपण कशाचे पैसे घेतले हे त्याला तिथेच समजते, आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या गॅरेजचा दर विचारायला जात नाही.