पटावरचे नाव आणि वर्गातील मूल

अंबा नदी जेथे धरमतरच्या खाडीला मिळते, त्या पेण परिसरात भातकापणी उरकली की कातकरी वाड्यांतील अनेक घरांची दारे बंद होतात. कुटुंबे वीटभट्टीवर अथवा कोळसा पाडण्यासाठी दूर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळा जूनमध्ये सुरू होते, वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात होते. नाव पटावर राहते. मूल मात्र भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत असते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. मध्येच शाळा सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. स्थलांतरितांसाठी हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी पत्रक या योजना आल्या. तरीही घरची कातकरी बोली आणि पुस्तकी मराठी यांतील अंतर, तसेच सहा-सहा महिन्यांचा खंड, यांमुळे परतलेले मूल वर्गात बसूनही परकेच राहते. सर्वसमावेशक शिक्षणाची खरी कसोटी प्रवेशात नसून या परकेपणाच्या निवारणात आहे.

या कसोटीला महाराष्ट्राने पूर्वी एक उत्तर दिलेले आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गरीब मुलाला केवळ फळा पुरत नाही, त्याला निवारा आणि ताट लागते, हे त्या दांपत्याने ओळखले होते.

ज्ञानदानाची परंपरा जपणाऱ्या व्यापारी कुटुंबांसाठी हा धडा दूरचा नाही. घर, दुकान वा गोदाम बांधताना विटांचा भाव सारेच विचारतात. त्याच वेळी भट्टीवरील मुले शाळेत जातात का, हेही विचारता येईल. जवळच्या शाळेपर्यंत वाहनाची सोय, गावी राहणाऱ्या मुलांचा हंगामापुरता भोजनखर्च, वाडीतीलच शिकलेल्या तरुणीचे मानधन, एवढे एका पेढीलाही पेलण्याजोगे आहे. असे झाले, तर पावसाळ्यात परतणाऱ्या मुलाला वर्गातील आपली जागा ओळखीची वाटेल.