सिव्हिलच्या वॉर्डातले एक दशक

परळच्या केईएम रुग्णालयाची शताब्दी २०२६ साली पुरी होत असताना त्याच्या स्थापनेतील एका अटीचे स्मरण अगत्याचे वाटते. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयास देणगी देताना तेथील अध्यापकवर्ग भारतीय असावा असा आग्रह धरला होता, आणि परक्या अंमलात आपल्या वैद्यांना नाकारला जाणारा मान त्यांना मिळवून देण्याचा स्वाभिमान त्या आग्रहामागे होता. वैद्याच्या मानाची चिंता अशी शंभर वर्षांपूर्वीच वाहिली गेली. खाटेवरच्या रुग्णाच्या मानाचे दप्तर मात्र आपल्याकडे कोणी कधी ठेवले नाही. शताब्द्यांच्या स्मरणिकांत इमारती येतात, अधिष्ठात्यांची छायाचित्रे येतात. रात्री दोन वाजता पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी काय उत्तर दिले, हे त्यांत येत नाही.

माझी सारी नोकरी एका जिल्ह्याच्या सिव्हिल रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. १९४६ साली, ज्या वर्षी आरोग्यसेवेविषयीच्या भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची देशातील पहिली नेमणूक झाली. पुढे ते पद जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. रुग्णालयातील प्रत्येक कर्मचारी रुग्णाच्या एखाद्या अवयवाशी बांधलेला असतो, समाजसेवकाने मात्र त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. माझ्या नोकरीची पहिली वर्षे अर्ज, दाखले आणि शिफारसपत्रे यांतच सरली व त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. १९८५ ते १९९५ हे दशक मात्र आजही माझ्या मनातून जात नाही.

त्या काळी आमच्या सिव्हिलमध्ये मेट्रनबाईंची सकाळची फेरी हा एक अढळ शिरस्ता होता. त्या केसपेपरकडे नंतर पाहत. आधी चादर बाजूला सारून रुग्णाची टाच आणि पाठ पाहत, कारण बेडसोरची पहिली लाली तेथेच दिसते, आणि मग रुग्णालाच विचारत, ‘‘रात्री कूस कोणी बदलली?’’ रुग्ण बोट दाखवी, आणि ज्या मावशीकडे अथवा मामाकडे, म्हणजे आयाबाईकडे किंवा कक्षसेवकाकडे, ते बोट जाई, त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे ते कोणत्याही प्रशस्तिपत्राने उमटले नसते. वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात तैनात असलेल्या त्या माणसांना परिसरातील गावे, घराणी आणि भांडणेही ठाऊक असत. त्यामुळे आलेला रुग्ण त्यांच्या लेखी खाटेचा क्रमांक न राहता कोणाचा तरी काका किंवा कोणाची तरी सून असे.

त्या दशकाला देव्हाऱ्यात बसवण्याची माझी इच्छा नाही. प्रसूतिकक्षाच्या दाराशी ‘‘मुलगा झाला, पेढे द्या’’ म्हणत बाळ दाखवण्यापूर्वी हात पुढे होत, आणि मुलगी झाली असता त्याच हातांनी ती आजीच्या ओटीत अबोलपणे ठेवली जाई. चिरीमिरीची ही वहिवाट अधिकाऱ्यांना माहीत होती व त्यांनी ती चालू दिली. त्याहून मोठा कलंक एड्सच्या भयाचा. १९८६ साली देशात या संसर्गाचा शोध लागला आणि पुढील चार-पाच वर्षांत आमच्या केसपेपरांवर लाल शाईची अक्षरे दिसू लागली. अशा रुग्णाची खाट व्हरांड्याच्या टोकाला जाई, जेवणाचे ताट दुरून सरकवले जाई, आणि ज्यांनी सर्वांत आधी धीर द्यायचा त्या एका ज्येष्ठ शल्यविशारदांनी तर एका तरुण ट्रकचालकाची शस्त्रक्रिया निरनिराळ्या सबबींवर पुढे ढकलत नेऊन अखेर त्याला दुसरीकडे पाठवले. त्या निर्दयतेचा राग माझ्या मनात आजही तितकाच ताजा आहे.

त्याच व्हरांड्यात एक कक्षसेवक होता. कोणी हुकूम न देता तो दर दोन दिवसांनी गरम पाण्याचे तपेले आणि साबण घेऊन त्या ट्रकचालकाजवळ बसे, हातमोजे चढवून त्याची दाढी करी, आणि मग आरसा त्याच्यासमोर धरी. जाण्याच्या दिवशी मी त्या रुग्णाला रिवाजाप्रमाणे विचारले की येथे काही तक्रार आहे काय. तेव्हा शस्त्रक्रियेचे, औषधांचे, डॉक्टरांचे अक्षरही न काढता तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, त्या मामांनी माझी दाढी केली.’’ सेवेच्या गुणवत्तेवर पुढे मी पुष्कळ अहवाल वाचले, परंतु रुग्ण कशावरून रुग्णालयाची पारख करतो याचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. पैसे देणाऱ्या रुग्णाला त्यामुळे दाद मागण्याचा मार्ग मिळाला हे न्याय्यच झाले. परंतु जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते ती रुग्णालये त्या कक्षेबाहेर राहिली. खासगी दवाखान्यांत संमतिपत्रे जाड झाली व संभाषण रोडावले, आणि आमच्याकडे, ज्याला दाद मागता येत नाही त्याच्याशी अदबीने वागण्याचे कारण काय, असा प्रश्न उघडपणे विचारणारे लोक दिसू लागले. नंतरची वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्यांत एकच गोष्ट पुनःपुन्हा घडत गेली : मावशी-मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागा रिक्त राहिल्या, आणि मग त्या कंत्राटदाराकरवी भरल्या गेल्या. अकरा महिन्यांच्या आदेशावर आलेली आणि पगार वेळेवर होईल की नाही या विवंचनेत असलेली मुलगी रुग्णाशी गोड का बोलत नाही, हा सवाल तिला विचारण्याआधी तिच्या आदेशावर सही करणाऱ्याला विचारला पाहिजे.

तसे कोणी विचारले नाही. उपाय झाले ते निराळेच. २०१० साली डॉक्टरांवरील हल्ले दखलपात्र व अजामीनपात्र ठरवणारा कायदा राज्याने केला, आणि हल्ला करणाऱ्याला शिक्षा हवीच. पण कायद्याने वॉर्डात माणूस वाढत नाही. २०१५ पासून स्वच्छतेच्या ‘कायाकल्प’ पुरस्कारांसाठी भिंती रंगल्या, २०१६ पासून ‘मेरा अस्पताल’ योजनेत रुग्णाच्या भ्रमणध्वनीवर अभिप्राय मागवला जाऊ लागला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्णपणे निःशुल्क झाले. आमच्या सिव्हिलच्या खिडकीवरील रांग वाढली, वॉर्डातले हात तेवढेच राहिले. कर्मचाऱ्यांसाठी सौजन्याची शिबिरे मात्र होतात, जणू सौजन्य हे शिकवण्याअभावी अडले आहे.

ते कशातून येते याचे उदाहरण केईएममध्येच आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात रुग्णालयातच हल्ल्याला बळी पडून अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सुमारे बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण एकीने दुसरीच्या स्वाधीन केलेली ती शुश्रूषा खंडली नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर तोवर एकही बेडसोर झाला नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात घेतली आहे. अकरा-अकरा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या वॉर्डातून अशी परंपरा निर्माण होणार नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सर्वसाधारण कक्षात अध्यापन रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. गेल्या पावसाळ्यात एका आप्ताच्या आजारपणात मी ज्या वॉर्डात रात्र काढली, तेथे चाळीसहून अधिक रुग्णांमागे दोघी होत्या, आणि त्या दोघीही कंत्राटी होत्या. वॉर्डातील ही पदे कायमस्वरूपी भरा, एवढीच माझी शासनाकडे मागणी आहे.