काम न उमगलेली प्रथिने

माणसाच्या पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला आणि त्यांचा क्रम हाती आला. पण शेकडो प्रथिने पेशीत नेमके काय करतात, हे अजून उमगलेले नाही. त्यांची नावेही तात्पुरतीच असतात. ‘सी९ऑर्फ७२’ या नावातून जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, यापलीकडे फारसे काही कळत नाही. याच जनुकातील सहा अक्षरांची वाजवीपेक्षा कितीतरी जास्त पुनरावृत्ती एएलएस या जीवघेण्या चेताविकाराला कारणीभूत ठरते, असे २०११ मध्ये दोन गटांनी दाखवले. तोवर त्याकडे क्वचितच कोणी वळले होते. ओळखीच्या जनुकांसाठी प्रतिपिंडे विकत मिळतात, अनुदानही सहज मिळते. म्हणून संशोधक पुन्हा त्यांच्याकडेच जातात. यात रुग्णांचे नुकसान होते.

अनोळखी प्रथिन घेऊन पीएचडी करणारा विद्यार्थी आधी संगणकावर त्याचा क्रम इतर सजीवांतील प्रथिनांशी ताडून पाहतो. २०२१ पासून अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने वर्तवलेली त्याची घडीही पाहता येते. घडीवरून अंदाज बांधता येतो, पुरावा मात्र प्रयोगशाळेतच मिळतो. प्रथिनाला हिरवे चमकणारे जीएफपी जोडले की ते पेशीत कुठे वावरते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्याला चिकटून येणारी इतर प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखतात. मग क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने जनुक निकामी करून काय बिघडते ते पाहतात. क्रिस्परचा घाव कधी भलत्याच जागी बसतो. म्हणून मूळ जनुक परत घातल्यावर बिघाड सुधारतो का, हे तपासावेच लागते. ही पायरी गाळलेला प्रबंध कच्चा राहतो.

असा शोध कसा लागतो, ते तंतुकणिकांच्या कॅल्शियमवरून नीट समजते. तंतुकणिका कॅल्शियम आत ओढून घेतात, हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठाऊक होते. ते आत नेणारे प्रथिन मात्र जवळजवळ पन्नास वर्षे सापडले नाही. हार्वर्डमधील वामसी मूथा यांच्या गटाने आधी तंतुकणिकांतील प्रथिनांची यादी केली. कॅल्शियम ओढून घेण्याची क्षमता माणसात आहे, ट्रिपॅनोसोमा या परजीवीत आहे, बेकरीच्या यीस्टमध्ये मात्र नाही. म्हणून पहिल्या दोघांत असलेली आणि यीस्टमध्ये नसलेली प्रथिने निवडून त्यांची निर्मिती एकेक करून दाबण्यात आली. २०१० मध्ये ‘मिकू१’ गवसले. पण ते निघाले नियंत्रक. प्रत्यक्ष वाट वेगळी होती. तीही २०११ मध्ये मूथा यांच्या गटाला आणि इटलीत पादुआ येथे रोझारिओ रिझुटो यांच्या गटाला स्वतंत्रपणे सापडली. ‘सीसीडीसी१०९ए’ या जुन्या नावाच्या त्या प्रथिनाला आता ‘एमसीयू’ म्हणतात. त्यातले एकच अमिनो आम्ल बदलले, तेव्हा कॅल्शियमची वाट अडवणारे आरयू३६० हे संयुग निष्प्रभ ठरले, पण कॅल्शियम आत जातच राहिले. हे संयुग याच प्रथिनाला अडवत होते, हे त्यातून दिसले.

सगळ्यांच्या वाट्याला इतका स्वच्छ निकाल येत नाही. पुष्कळदा जनुक काढून टाकले तरी पेशी धडधाकट वाढते, कारण त्याच कुळातले दुसरे प्रथिन ते काम उचलते. तेव्हा दोन्ही जनुके एकदम काढावी लागतात, नाहीतर पेशीला उपाशी ठेवून किंवा प्राणवायू कमी करून तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो.