'करून राहिलो' आणि इंग्रजीचे क्रियापद

आपल्या ऊर्जानगर वसाहतीत इंग्रजी शब्दांना तोटा नाही. 'युनिट ट्रिप झाले', 'ओव्हरटाइम लागला', 'शिफ्ट चेंज केली' ही वाक्ये शाळेत फारसे न गेलेली माणसेही सहज बोलतात. आम्ही बँकेत काम करणारे. आमच्या काउंटरवर 'चेक बाउन्स झाला', 'पासबुक अपडेट करून द्या', 'खाते क्लोज करायचे आहे' हे दिवसभर ऐकू येते. आणि तरीही मुलाखतीला बसलेला आपला पदवीधर मुलगा इंग्रजीत दोन वाक्ये बोलताना घामाघूम होतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'युनिट ट्रिप झाले' या वाक्याकडे नीट पाहा. 'ट्रिप' इंग्रजी आहे, पण काळ, लिंग आणि वचन दाखविणारा 'झाले' हा शब्द आपला आहे. इंग्रजी क्रियापद मराठीच्या घरात येते ते उंबऱ्याबाहेर चपला काढून. पुढचे सर्व काम 'करणे', 'होणे', 'मारणे' ही आपली क्रियापदे करतात. सर्वनामे तर येतच नाहीत. 'ही आला', 'शी गेली' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे शेकडो इंग्रजी शब्द तोंडात बसले, तरी इंग्रजी वाक्य ज्या दोन खांबांवर उभे राहते ते क्रियापद आणि सर्वनाम यांचा सराव आपल्याला झालेलाच नसतो. अडचण बुद्धीची नाही, ती येथे आहे.

चूक येते कोठून?

'ही डिडन्ट वेंट' ही चूक घरोघरी आढळते. मुलगा मनात मराठी वाक्य जुळवतो : 'तो गेला नाही'. मराठीत नकार आला तरी 'गेला' हा भूतकाळ तसाच राहतो. म्हणून तो 'वेंट'ही ठेवतो. इंग्रजीत मात्र भूतकाळाचे ओझे एका वाक्यात एकानेच वाहायचे असते. 'डिड'ने ते उचलले की मागचे क्रियापद मोकळे होते : 'ही डिडन्ट गो'.

'माय ब्रदर वर्क इन द प्लांट' ही दुसरी चूक. मराठीत क्रियापद जवळजवळ प्रत्येक पुरुषासाठी वेगळे रूप घेते : मी जातो, तू जातोस, ते जातात. इंग्रजीत वर्तमानकाळी असा बदल एकाच ठिकाणी होतो, तो, ती किंवा ती वस्तू असेल तेथे. बाकी सर्वांना एकच रूप. बदल इतका थोडा आहे म्हणूनच तो निसटतो. लक्षात ठेवायचा 'स' एवढाच : 'माय ब्रदर वर्क्स'.

'व्हेअर यू आर गोइंग?' याचेही तसेच. 'तू कुठे जात आहेस?' यात प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही, इंग्रजीत 'आर' उडी मारून 'यू'च्या पुढे येतो. 'माय फादर आर ऑन ड्यूटी' असे म्हणणारे मूल तर वडिलांचा मान राखत असते, कारण आपण 'बाबा आहेत' म्हणतो, 'बाबा आहे' म्हणत नाही. इंग्रजी क्रियापदाला हा आदर ठाऊक नाही. तेव्हा मूल चुकले की ते मूर्ख आहे असे समजू नये. ते मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असते.

आपली बोली कामी येते

पुण्या-मुंबईकडे आपल्या 'काय करून राहिला?' या बोलण्याला हसतात. पण इंग्रजी शिकताना हेच बोलणे उपयोगी पडते. 'मी जेवून राहिलो' म्हणजे 'आय ॲम ईटिंग', 'पाणी येऊन राहिले' म्हणजे 'वॉटर इज कमिंग'. क्रिया या घडीला चालू आहे हे दोन्हींत स्वतंत्रपणे सांगितले जाते.

आता 'आय ॲम हॅविंग टू सायकल्स' हे वाक्य घ्या. 'माझ्याजवळ दोन सायकली असून राहिल्या' असे आपण कधी म्हणतो काय? नाही. मग इंग्रजीतही 'आय हॅव टू सायकल्स' हेच बरोबर. 'मी त्याला ओळखून राहिलो' असे म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम नोइंग हिम' चूक आणि 'आय नो हिम' बरोबर. 'मी रोज पाचला उठतो' ही सवय, म्हणून 'आय गेट अप'. पण 'आजकाल पाचला उठून राहिलो' हे सध्यापुरते, म्हणून 'आय ॲम गेटिंग अप'. आपला कानच येथे शिक्षक होतो.

या कसोटीला मर्यादा आहे. 'मला दिसून राहिले', 'समजून राहिले' असे आपण बोलतो. इंग्रजीत मात्र 'आय सी', 'आय अंडरस्टँड' म्हणावे लागते. पाहणे, समजणे, वाटणे अशी मनाची आणि इंद्रियांची क्रियापदे तेवढी वेगळी पाठ करावीत.

एक ओझे तर आपोआप उतरते. आपल्याकडची मुलगी 'मी गेली' म्हणते आणि पुस्तकात 'मी गेले' असते, म्हणून ती बोलताना संकोचते. इंग्रजीत मुलगा असो वा मुलगी, 'आय वेंट'.

'आम्ही', 'आपण' आणि 'तू'

या लेखात 'आम्ही' म्हणजे लिहिणारे आणि 'आपण' म्हणजे लिहिणारे व वाचणारे मिळून. हा भेद मराठीत आहे, सिरोंचाकडे बोलल्या जाणाऱ्या तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे. इंग्रजीत दोहोंना एकच 'वी'. म्हणून 'वी आर गोइंग टू नागपूर' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला आपण त्यात आहोत की नाही हे कळत नाही, ते वेगळे सांगावे लागते. उलट वस्तूंच्या बाबतीत इंग्रजी सोपी. बस 'ती', ट्रक 'तो', पुस्तक 'ते', या तिघांनाही एकच 'इट'.

सर्वांत विचार करण्यासारखे सर्वनाम म्हणजे 'यू'. मराठीत तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या आहेत, आणि कोणाला कोणत्या पायरीवर उभे करायचे हे पूर्वी जात आणि हुद्दा ठरवीत असे. पांढऱ्या केसांच्या मजुराला मालकाचा शाळकरी मुलगा 'तू' म्हणे, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. इंग्रजीतही एके काळी 'दाऊ' आणि 'यू' असा भेद होता. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी लहान-थोर सर्वांना 'दाऊ' म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी छळ सोसला. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला आणि सर्वांना 'यू' उरला. साहेबालाही 'यू', शिपायालाही 'यू'. मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्याला 'यू' म्हणताना आपल्या मुलाची जीभ अडखळते, त्याचे एक कारण हेही आहे. त्याला सांगावे की यात उद्धटपणा नाही. इंग्रजीत आदर सर्वनामात नसून 'प्लीज', 'मे आय' अशा शब्दांत आणि आवाजात असतो. मराठीत मात्र 'तुम्ही' आपल्या हाती आहे. ते सफाई कामगारापासून साहेबापर्यंत सर्वांना देण्यास पैसे पडत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागत नाही, हे आपल्यापुढचे मोठे उदाहरण होय. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते, पण वर्गात शिकलेले घरी बोलल्याशिवाय जिभेवर येत नाही. पालकांनी रोज रात्री जेवताना मुलांकडून दिवसभरातील पाच गोष्टी इंग्रजीत वदवून घ्याव्यात. चूक झाली तर हसू नये. मराठीतला कोणता नियम त्या वाक्यात शिरला ते दोघांनी मिळून शोधावे. ज्याला आपल्या चुकीचे कारण कळले, त्याची भीती निम्मी गेली असे समजावे.