गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी

रेवदंड्याहून मुरूडकडे निघालात, गाणं लावलंत आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. अशा वेळी स्पीकर बदलण्याची घाई नको. शिट्टीचं मूळ बहुधा अल्टरनेटरमध्ये असतं. तो तयार करतो एसी वीज. डायोड तिची डीसी करतात, तरी सुमारे १४ व्होल्टच्या त्या विजेवर बारीक लहरी उरतात. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग वेगवेगळ्या जागी असेल आणि एखादा जोड गंजलेला असेल, तर या लहरी सिग्नलच्या वायरीत शिरतात. किनाऱ्यावर गंज लवकर धरतो, कारण खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून गाणं लावा. शिट्टी गेली, तर दोष चार्जिंगच्या बाजूचा. आता इंजिन चालू करून व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती स्टिरिओच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायरकडे शिरते आहे. मग इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून अर्थिंगचा बोल्ट खोला, पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, बोल्ट घट्ट आवळून वर ग्रीस लावा. नॉइज फिल्टरवर पैसे घालण्याआधी हा बोल्ट नक्की तपासा.