थुंकीच्या नळीतून पूर्वज कळतात का? हबशी रक्ताची गोष्ट

नळीत थुंकी पाठवा आणि पूर्वज ओळखा, अशा जाहिराती आता मोबाईलवर येतात. फी हजारांत. आपल्याकडं कुरळ्या केसाचं, काळंसावळं पोरगं दिसलं की लगेच 'हबशी' म्हणून चिडवतात. मग घरच्यांनाही वाटतं, बघावं का तपासून?

हबश म्हणजे आजचं इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढं निजामशाहीचा वजीर झाला. जमिनीची प्रत बघून सारा ठरवायची त्याची पद्धत शेतकऱ्याला आजही पटेल. चिडवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेकडचेच. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी आधी चिपळूणजवळ परशुरामला होते. १७२७ मध्ये सिद्दी सातनं ते देवस्थान लुटलं, त्यानंतर स्वामी घाटावर आले.

२०११ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्दींचा डीएनए तपासून निष्कर्ष मांडले. मूळ निघालं आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांत, म्हणजे मलिक अंबरच्या इथिओपियापेक्षा वेगळं. इथल्या लोकांशी सोयरीक झाली ती साधारण गेल्या आठ पिढ्यांत. यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी बाया जुन्या कापडाची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. चारी कोपऱ्यांना 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. आपली वाकळ आठवली ना?

आता हिशोब बघा. आठ पिढ्या मागं गेलं की आपले पूर्वज २५६ होतात. त्यातला एकच आफ्रिकी असेल तर वाटा सरासरी अर्धा टक्कासुद्धा भरत नाही, तपासणीत तो निसटूही शकतो. सिद्दी बरेचसे आपापसात लग्न करत आले, म्हणून त्यांच्यात तो ठळक दिसतो. बापाकडून लेकाला जाणारा वाय गुणसूत्राचा धागा आणि आईकडून येणारा धागा लांबवर लागतो खरा, पण २५६ मधल्या दोघांचाच. बाकी २५४ जणांबद्दल ते धागे काहीच बोलत नाहीत. आणि नुसत्या कुरळ्या केसावरून तर काहीच ठरत नाही.

अजून एक. हा रिपोर्ट जात पडताळणीत कागदाच्या जागी चालत नाही. तिथं ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, शाळेचा दाखला नाहीतर महसुली नोंद. शिवाय नळी एकट्याची असली तरी त्यात भावकीचीही माहिती जाते. बाप-लेकाचं नातं जुळत नाही, असंही कधी निघतं. तेव्हा पैसे भरण्याआधी घरात विचारून घ्या.