व्हिसाशिवाय फ्रान्स, व्हाया तिरुवैयारु

फ्रान्समधलं समुद्राजवळचं एखादं छोटंसं खेडं पाहायची हौस आहे? मग आधी तंजावरचं रेल्वे तिकीट काढा. तिथून उत्तरेला १३ किलोमीटरवर तिरुवैयारु. वाटेत एक पूल ओलांडतोय तोवर दुसरा हजर: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. याच कावेरीवर नजर ठेवा. तिचीच एक शाखा, अरसलार, पुढे कारैकलला समुद्राला मिळते. हे कारैकल १९५४ पर्यंत फ्रेंचांचं होतं आणि त्यांना ते विकायला काढलं होतं तंजावरच्या आपल्याच भोसल्यांनी!

झालं असं. १७३८ साली तंजावरात भाऊबंदकी ऐन भरात होती. गादीसाठी पैसा हवा म्हणून दुसऱ्या शहाजीने पुदुच्चेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्युमा याच्याशी कारैकलचा सौदा ठरवला. गादी हाताशी येताच शब्द फिरवला. मग कर्नाटकच्या नवाबाचा जावई चंदासाहेब मध्ये पडला आणि १७३९ मध्ये त्याने कारैकल जिंकून फ्रेंचांच्या हवाली केलं. त्याच वर्षी गादीवर आलेल्या प्रतापसिंहाने भाव वाढवून मागितला. (व्यवहारात आपण अगदीच कच्चे नव्हतो.) पण १७४९ मध्ये चंदासाहेब आणि फ्रेंच फौज तंजावरच्याच वेशीवर येऊन बसली, तेव्हा आणखी ८१ गावांवर पाणी सोडावं लागलं.

त्या वेळची थकबाकी वसूल करायला १७५८ मध्ये लाली नावाचा फ्रेंच सेनापती आला. वाटेत त्याने किवळूरच्या पुजाऱ्यांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिलं. तंजावरला वेढाही घातला. पण दारूगोळा संपत आला, त्यातच कारैकलच्या समुद्रात इंग्रजी आरमार दिसल्याची खबर आली, आणि साहेबांनी गाशा गुंडाळला. पुढे १७६६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं मुंडकं उडवलं गेलं, तेही पुदुच्चेरी गमावल्याबद्दल. तंजावरकरांच्या शापाचा यात काही वाटा होता का, हे ज्याने त्याने ठरवावं.

पण पुढे निघायची घाई नको, तिरुवैयारुत बघण्यासारखं बरंच आहे. राजा मराठी, प्रजा तमिळ आणि गाणी तेलुगू, असा इथला मामला. संत त्यागराज (१७६७-१८४७) इथेच राहिले. तंजावरच्या सरफोजीराजांचं दरबारचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी आख्यायिका आहे. आज त्यांची समाधी कावेरीकाठी दिसते ती बंगळूर नागरत्नम्मांमुळे. देवदासी घराण्यातल्या या गायिकेने पडझड झालेल्या जागेवर पदरच्या पैशाने मंदिर उभं केलं. त्यागराजांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या आराधनेत बायकांना गायला मज्जाव होता, तर तिने बायकांचीच स्वतंत्र आराधना सुरू केली. तिचं १९५२ मध्ये निधन झालं. तिची समाधीही तिथेच आहे आणि तिचा पुतळा त्यागराजांकडे तोंड करून बसलाय. माझ्या मते तिरुवैयारुची खरी नायिका हीच.

आराधनेच्या दिवशी नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या त्यागराजांच्या पंचरत्न कृती शेकडो गायक-वादक एका सुरात गातात. आता नामवंत विदुषीसुद्धा तिथे मांडी घालून गर्दीतच बसतात.

गावातल्या ऐयारप्पर या शिवमंदिराच्या प्राकारात एका ठरावीक जागी उभं राहून हाक मारली, की ती सात वेळा घुमते म्हणतात. घसा साफ करून जा.

आणि अशोका! तिरुवैयारुचा हा हलवा मुगाच्या डाळीचा. डाळ भाजून, शिजवून, घोटून त्यात कणीक, साखर आणि हात न आखडता तूप. रंग भडक केशरी, पोत असा की चमच्यावरून ओघळतो. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम घ्या आणि मागून चिवडा. आपल्या मूगडाळ हलव्याचा हा भाऊ जास्त मऊ आणि जास्त तुपाळ.

आता समुद्राकडे. शंभरेक किलोमीटर पूर्वेला कारैकल. चारी वाटांनी तमिळनाडू, नाहीतर समुद्र. कारभार मात्र पुदुच्चेरीचा. खेड्यांच्या पाट्यांवर आजही ‘कम्यून पंचायत’ दिसते, तो फ्रेंच वारसा. पोलिसांच्या डोक्यावर लाल केपी टोपी, तीही तिकडचीच. फ्रेंच नागरिकत्व राखलेली इथली तमिळ कुटुंबं अजून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करतात. फ्रेंचांनी ताबा सोडला १ नोव्हेंबर १९५४ ला, पण कायदेशीर हस्तांतर व्हायला १६ ऑगस्ट १९६२ उजाडला.

शनिशिंगणापूरकरांनी नोंद घ्यावी: साडेसातीवाल्यांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं, तिरुनळ्ळार, याच कारैकल जिल्ह्यात आहे. म्हणजे शनिमहाराजही बराच काळ फ्रेंच अमलाखाली होते.

आणि कारैकलची लेक म्हणजे कारैकल अम्मैयार, ६३ नायनमारांतल्या, म्हणजे तमिळ शैव संतांतल्या, तीन स्त्रियांपैकी एक. तिने नवऱ्याचा आंबा शिवभक्ताला वाढला आणि नवऱ्याने मागितल्यावर देवाने तिच्या हातात दुसरा आंबा ठेवला, अशी कथा. त्या आठवणीत उत्सवात लोक घरांच्या गच्चीवरून आंबे उधळतात आणि खाली झेलणाऱ्यांची झुंबड उडते.

गाणं हवं असेल तर आराधनेची पौष वद्य पंचमी गाठा, आंबे हवे असतील तर जून-जुलैतली पौर्णिमा. दोन्ही एका फेरीत जमणार नाही. पहिल्यांदाच जात असाल तर पौषातच जा: ऊन सोसवतं आणि अशोका बारमाही मिळतो.